लाकूड कोण खातं?

डोळे मिटायची गरज नाही. नजर खाली टेकवा, खांदे सैल सोडा आणि एवढाच प्रश्न मनात धरा: लाकूड कोण खातं? उत्तराची घाई नको.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या बाजूच्या उष्ण रानात निलगिरीचं एक खोड आडवं पडलं आहे. त्याच्या आत मास्टोटर्मिस डार्विनिएन्सिस ही वाळवी आहे. तिच्यातली एक कामकरी, साधारण सेंटिमीटरभर लांब, नजरेसमोर आणा. मुंगीची बारीक कंबर हिला नाही. छाती सरळ पोटात उतरते. मिशा ओवलेल्या मण्यांसारख्या. पोटाची कातडी इतकी पातळ की आतला ऐवज गडद दिसतो. ही झुरळांच्या घराण्यातली. या जातीची मादी अजूनही झुरळासारखीच अंडी जुडीने घालते. (झुरळ आठवून मन विटलं असेल तर दोन श्वास थांबा.)

आता तिचे जबडे पाहा. ते दोन बाजूंनी मिटतात आणि लाकडाचा कण सुटतो. ही खाते, असं म्हणून इथेच थांबावंसं वाटेल. कणाबरोबर आत चला.

घशामागून अन्नाची पिशवी, मग कण भरडणारा दातेरी भाग, मग मधलं आतडं. तिची स्वतःची पाचकद्रव्यं थोडं काम करतात. बरंचसं लाकूड तसंच पुढे, मागच्या फुगीर आतड्यात जातं. तिथे प्राणवायू जवळपास नाही, आणि आदिजीवांची, म्हणजे एकपेशीय जिवांची, दाटी आहे.

अमेरिकेतल्या वाळवीच्या पोटातली अशीच दाटी फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी पाहिली आणि 1881 साली तिचं वर्णन लिहिलं; या जिवांना त्यांनी परजीवी ठरवलं. पुढे 1920च्या दशकात एल. आर. क्लीव्हलँड यांनी प्राणवायूच्या दाबाखाली हे आदिजीव मारले. वाळवी जिवंत राहिली, पूर्वीसारखं लाकूड कुरतडत राहिली, आणि भुकेने मेली. या वाक्यापाशी थोडं थांबा. पोट भरलेलं होतं.

म्हणजे खाणारा तो आदिजीव? डार्विनच्या वाळवीतला मिक्सोट्रिका पॅराडॉक्सा बघू. अर्ध्या मिलिमीटरचा, एकपेशीय. लाकडाचे कण तो मागच्या टोकाकडून आत ओढून घेतो. 1933 साली सदरलँड यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याच्या अंगभर बारीक केस वळवळताना दिसले. 1964 साली क्लीव्हलँड आणि ग्रिमस्टोन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर ते केस नव्हतेच. ते स्वतंत्र, नागमोडी जिवाणू होते, अंगाला एका टोकाने चिकटलेले. अंदाजे अडीच लाख. त्यांच्या एकत्र हलण्याने हा पोहतो. त्याच्या स्वतःच्या चार कशाभिका, म्हणजे चाबकासारखे धागे, फक्त दिशा देतात. पेशीच्या आत आणखी निराळे जिवाणू राहतात.

प्रश्न अजून हातात आहे ना? तो आता कुणाला विचारायचा, ते ठरवू नका. जबडा, आतडं, आदिजीव, जिवाणू, असं एकेकावर मन ठेवा आणि पुढे सरका.

आपल्या माळरानावर मातीची मोठी वारुळं बांधणारी वाळवी या रस्त्याने जात नाही. तिच्या पोटात हे आदिजीव नसतात. ती वारुळात बुरशी वाढवते, आणि पावसाळ्यात आपण खातो ती अळंबी तिथूनच वर येते.

पोटात आदिजीव सांभाळणाऱ्या वाळवीकडे शेवटचं एकदा वळू. ती कात टाकते तेव्हा मागच्या आतड्याचं अस्तरही जातं आणि त्याबरोबर सगळी वस्ती. पोट रिकामं. ती दुसरीच्या मागे जाते, तिच्या पोटाच्या टोकाला मिशांनी चाचपते. दुसरी एक थेंब बाहेर सोडते. तो प्यायला की आदिजीव परत येतात, अंगावरचे आणि आतले जिवाणू घेऊनच. कात टाकल्यावर एकटी पडलेली वाळवी लाकडाच्या ढिगावर बसूनही उपाशी मरते.