धरणारा हात आणि बांधणारी साखळी

मध्यरात्री घरातला तरुण मुलगा अचानक ओरडू लागतो. भांडी फेकतो, कोणीतरी मारायला आले आहे म्हणून अंगणातल्या विहिरीकडे धावतो. घरातले चौघे त्याला कसेबसे धरतात. कोणी म्हणते, ऊपरी असर आहे, सकाळी दर्ग्यावर नेऊ. तोवर खाटेला बांधून ठेवा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या मोहल्ल्यांना हे दृश्य अनोळखी नाही.

आपण त्याला बांधतो ते दुष्टपणाने नव्हे, भीतीने आणि मायेनेही. मोकळा सोडला तर जीव गमावेल. दवाखान्यातही अशा रुग्णाला कधी कधी धरावेच लागते. मग घरातली दोरी वाईट आणि दवाखान्यातली पकड चांगली, हे कशावरून?

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय यवतमाळहून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. त्यामुळे पहिली रात्र बहुधा जवळच्याच रुग्णालयात, सिस्टरच्या आणि ब्रदरच्या साक्षीने जाते. चांगली परिचारिका आधी गर्दी हटवते, हाताशी असलेली धारदार वस्तू दूर करते. दोन हात अंतर ठेवून, दाराची वाट न अडवता उभी राहते. एकटीच बोलते, हळू आवाजात, लहान वाक्यांत. रुग्णाच्या भ्रमाला ती हो म्हणत नाही आणि त्याच्याशी वादही घालत नाही. आधी गोळी देऊ करते, इंजेक्शन नंतर. धरायची वेळ आलीच तर छातीवर, पाठीवर भार पडू देत नाही. श्वास पाहते, मनगट काळेनिळे पडत नाही ना ते पाहते, पाणी आणि लघवी विचारते. तो शांत झाल्यावर त्याला का धरले, हे त्याला सांगते.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याने साखळी कोणत्याही रूपात निषिद्ध ठरवली, एकांत कोठडीही. रुग्णाला धरणे-बांधणे केवळ तातडीचा धोका टाळण्यासाठी, दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि तेही गरजेपुरतेच. त्याची नोंद हवी, रुग्णावर सतत लक्ष हवे. शिक्षा म्हणून नाही आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. ही शेवटची अट आपल्या सरकारी वॉर्डांना सर्वांत जड जाते, आणि म्हणूनच ती सर्वांत महत्त्वाची आहे.

आमच्या मते फरक इथेच आहे. साखळी बांधणारा निघून जाऊ शकतो. हाताने धरणाऱ्याला थांबावे लागते. जो थांबतो त्याला समोरच्या देहाची थरथर कळते, पकड कधी सैल करायची ते कळते. थांबायची तयारी नसलेली सक्ती ही सेवा नव्हे, सोय आहे.

तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी हे साऱ्या देशाला दिसले. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जणांचा बळी गेला. दुवेवर विश्वास ठेवणे हा त्यांच्या घरच्यांचा गुन्हा नव्हता. पण दुवा मागणाऱ्याने रुग्णाजवळ बसू नये, असे कुठे सांगितले आहे?

आणि हा रुग्ण कोणी वेगळ्या जातकुळीचा नसतो. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा विषाने, आणि त्यावरच्या ॲट्रोपिनच्या मोठ्या मात्रेनेही, भला माणूस बरळू लागतो, सलाईन उपसून पळू पाहतो. काल शेतात राबणारा आज त्या खाटेवर असतो.

हदीसची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो : झोपलेला, अजाण मूल आणि बुद्धी हरपलेला, या तिघांवरून हिशेबाची कलम उचललेली असते. ज्याच्याकडून अल्लाह हिशेब मागत नाही, त्याला आपण कैद्यासारखे का वागवावे?

म्हणून दर्ग्यावर जरूर जावे, पण रुग्णाला आधी दवाखान्यात न्यावे. वॉर्डात सिस्टर अपुऱ्या असतील तर जास्त सिस्टर मागाव्यात. मशिदीसाठी वर्गणी काढणाऱ्या समाजाला एक अर्ज जड नाही. आणि त्या रात्री घरातल्या एकाने तरी खाटेशेजारी बसून राहावे.