वंशावळीत नसलेली बाई

महाराष्ट्रात वंशावळ काढणं हे हौशी लोकांचं काम राहिलेलं नाही. जातपडताळणीसाठी पणजोबांची शाळेतली नोंद शोधत हिंडणारी माणसं गावोगाव भेटतात. 2023मध्ये शिंदे समितीनं मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना उसंत उरली नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या असतात. अशा मुलखात एका बाईचा माग काढणं सोपं असेल, असं कुणालाही वाटेल. स्वीडनमधल्या माझ्या मैत्रिणीला तसं वाटलं. सत्तरच्या दशकात तान्ही असताना ती इथून तिकडे दत्तक गेली. जन्मदात्या आईचा शोध घ्यायला तिनं माझी मदत मागितली.

पण आपल्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात. लग्नानंतर बाईच्या नावातून बाप जातो, नवरा येतो, आडनाव बदलतं. पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून पहिलं नावही बदलत. सासरच्या मतदारयादीत लग्नाआधी आई झालेली ही मुलगी कशी ओळखणार? ती सापडलीच तर भावामार्फत. तो शाळेत गेला असेल, तर जनरल रजिस्टरात बापाचं नाव आणि गाव मिळतं.

मैत्रिणीचा मुख्य कागद न्यायालयाच्या दप्तरात निघाला. 1956चा दत्तक कायदा हिंदूंपुरता, त्यामुळे परदेशी जोडपी 1890च्या पालक-पाल्य कायद्याखाली स्वतःची पालक म्हणून नेमणूक करून घेत आणि दत्तकविधान आपल्या देशात करत. सर्वोच्च न्यायालयानं याला शिस्त लावली ती 1984मध्ये, लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून. हा कागद त्याआधीचा. इंग्रजीत टंकलेला. गाव 'पिंपळगाव', तालुका नाही. पिंपळगावं या राज्यात ढिगानं आहेत. खाली जांभळ्या शाईत डाव्या अंगठ्याचा ठसा. मूल सोडल्याचा इंग्रजी मजकूर त्या बाईला कुणी मराठीत सांगितला होता का, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नाही. अशा कागदांवर स्वीडनचाही आता विश्वास उरलेला नाही: तिथल्या सरकारी चौकशीनं 2025मध्ये परदेशी दत्तकांतले गैरप्रकार मांडून ही पद्धतच बंद करावी अशी शिफारस केली.

डीएनए चाचणीचा पर्याय होताच. नळीत थुंकायचं आणि नातेवाईक जुळतात का पाहायचं. मला त्यात एक खटकतं. सख्ख्या मावसभावंडांचा सुमारे आठवा हिस्सा डीएनए जुळतो. म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या भाच्यानं गंमत म्हणून चाचणी केली, तरी इथल्या मावशीचं गुपित तिला न विचारता उघडं पडू शकतं.

आणि गुपिताला तुच्छ लेखू नये. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1863मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांना दिलेली मुख्य हमी गुप्ततेचीच होती. इथे या, बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. त्या हमीनं जीव वाचले. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्यानं दत्तक घेतलं, आणि काशीबाईंचं नावही इतिहासात राहिलं. तेव्हा आईचं नाव मुलाला कळलं की अनर्थ होतो, हेही काही खरं नाही.

शेवटी आईच्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावरून आम्हाला तिचं माहेरचं गाव सापडलं. मैत्रीण म्हणाली, उद्याच जाऊ. मी नको म्हटलं. परगावचं माणूस पारावर बसून 'या घरातल्या मुलीला लग्नाआधी मूल झालं होतं का' असं विचारू लागलं, तर सत्तरीच्या बाईनं जन्मभर सांभाळलेला संसार संध्याकाळपर्यंत चव्हाट्यावर येतो. 2022च्या दत्तक नियमावलीनं तिऱ्हाइताला असा शोध घ्यायची मनाई केली आहे, आणि आईनं गुप्तता मागितली असेल तर तिची संमती आवश्यक ठरवली आहे. हा नियम मला पटतो, मदत करणारा तिऱ्हाईत मीच असलो तरी. मी कागद वाचावेत, अर्थ सांगावा. विचारणा अधिकृत मार्गानं, एकांतात, शक्यतो बाईनंच करावी. मैत्रीण नाराज झाली, पण अर्ज तिनं केला.

माझी तक्रार वेगळी आहे. हा सगळा शोध मुलाच्या अर्जानं सुरू होतो. आईलाही मुलीची खुशाली हवी असेल, तर तिनं कुठे सांगायचं? इंग्लंडमध्ये 1991पासून अशी नोंदवही आहे: दोघांनीही नाव नोंदवलं, तरच गाठ घालून देतात. महाराष्ट्र सरकारनं तशी नोंदवही जिल्ह्याजिल्ह्यात सुरू करावी, आणि अंगठा उठवणाऱ्या बाईलाही समजेल अशा मराठीत तिची माहिती द्यावी.