चार सेंटिमीटर

गेल्या महिन्यात पालकसभेत मी एक तक्ता दाखवला. नववी ब, आठ आठवडे, आठवड्याला दोन तास पिलाटेस, लवचिकतेत सरासरी चार सेंटिमीटर वाढ. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "सरांनी काहीतरी नवीन आणलं." मी मान खाली घालून हसलो, नम्र माणसं हसतात तसा.

तक्ता खोटा नव्हता. पण खरा होता का?

पहिली मोजणी जुलैतली, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. बाहेर पाऊस, पोरं दप्तरं टाकून तशीच हॉलमध्ये आलेली, अंगं आखडलेली. दुसरी सप्टेंबरातली, तासाच्या शेवटी, सगळ्यांना घाम फुटल्यावर. तापलेला स्नायू जास्त ताणतो, हे बी.पी.एड.च्या पहिल्या वर्षीच शिकवतात. मग वेळ बदलतेय हे माझ्या लक्षात आलं नाही? आलं होतं. आलं, आणि मी शिट्टी वाजवली.

'सिट अँड रीच' ही चाचणी तशी साधी, खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांतही आहे. पाय सरळ ठेवून बसायचं, तळपाय पेटीला टेकवायचे, गुडघे न उचलता बोटं पट्टीवर जमेल तेवढी पुढे सरकवायची. एका मुलाची बोटं जुलैत होती तिथेच अडली. वर्षभरात तो असा उंचावलाय की पँट घोट्याच्या वर गेली. या वयात हाडं आधी लांबतात, मांडीमागचे स्नायू रेंगाळत मागून येतात. त्याचं आखडणं म्हणजे आळस नव्हे. हे मी एरवी पालकांना समजावून सांगतो. तरी त्याच्या पाठीवर हात ठेवून मी दाबलं. "जातंय, जातंय, अजून थोडं!" तो "आई गं" म्हणाला तेव्हा माझे डोळे पट्टीवर होते. दोन सेंटिमीटर मिळाले. पुढचे दोन दिवस तो कठडा धरून जिना उतरत होता.

आणि त्या चार मुली? पाठीवर झोपून पाय वर उचलायचे म्हटलं की चौघींच्या पोटात दुखायचं. मी हजेरीत "सहकार्य नाही" असा शेरा मारला. स्कर्ट घातलेल्या मुली, समोर मुलांची रांग. माझी स्वतःची मुलगी आठवीत आहे, आणि मला हे मराठीच्या बाईंनी सांगावं लागलं! खरं सांगायचं तर त्या बसून राहिल्या याची मला चुटपुट लागली होती, पण वेगळ्या कारणाने. मुलींची अंगं सहसा जास्त लवतात. सरासरी वाढली असती.

मुळात पिलाटेसच का? आमच्या शाळेत सूर्यनमस्कार आहेत, त्यातही पुढे वाकणं आहे, मागे वाकणं आहे. पण सूर्यनमस्कारांचा तक्ता दाखवला असता तर टाळ्या पडल्या असत्या? दोन दिवसांचं शिबिर करून आलो होतो, नवा शब्द तोंडात होता. त्या शब्दामागचा माणूस मात्र मी नीट वाचलाच नव्हता. जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३, जर्मनीतला; लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी पिडलेला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये छावणीत स्थानबद्ध होता, तिथे सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणत असे. ताबा, पण कुणाचा? ज्याचं शरीर, त्याचा. 'रोल अप'मध्ये उताणं झोपून एकेक मणका सतरंजीवरून सोडवत उठायचं असतं, श्वासाच्या बेताने. मी ते कवायतीसारखं घेतलं: एक, दोन, तीन, चार! पोरं झटका देऊन उठायची आणि मला वाटायचं, छान लय सापडली.

म्हणजे आठ आठवडे वाया गेले? तसंही म्हणवत नाही. नेहमी पाठीला पोक काढून बसणारी एक मुलगी एकदा हळूच सांगून गेली, "सर, आता बाकावर बसून पाठ दुखत नाही." ते तक्त्यात कुठे लिहायचं, मला कळलं नाही. मी लिहिलंही नाही.

परवा सकाळी सातला पुन्हा मोजणी घेतली. आल्या आल्या, तशाच थंड अंगाने. मुलींची वेगळी, मराठीच्या बाईंच्या समोर, ट्रॅकपँटवर. चारांचा दीड झाला. तो आकडा मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर ठेवलाय. पालकांसमोर ठेवायची हिंमत होईल का, अजून ठरत नाही.

सगळे आटपल्यावर मी बूट काढून पेटीसमोर बसलो. पट्टी धरायला तोच उंच मुलगा होता. माझी बोटं पावलांच्या वीतभर अलीकडेच थांबली. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, "सर, थोडं दाबू का?"