काट्यावर उभा माणूस

दर आठवड्याला तो क्षण यायचा. भलामोठा वजनकाटा, त्यावर उघड्या अंगाने उभा केलेला माणूस, मागे चढत जाणारे संगीत. आकडा थांबला की एक तर टाळ्या, नाही तर खाली गेलेली मान. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर २००४ साली सुरू झालेल्या ‘द बिगेस्ट लूजर’चा हा गाभा. सर्वांत जास्त वजन घटवणाऱ्याला अडीच लाख डॉलर. आपल्याकडेही २००७ मध्ये हा खेळ ‘बिगेस्ट लूजर जीतेगा’ या नावाने हिंदीत आला.

त्यातल्या व्यायामाला माझा विरोध नाही. मला बोचते ती खाली गेलेली मान. आठवड्यात वजन कमी उतरले नाही, म्हणजे तू आळशी, तू कच्चा, अशी भरसभेत दिलेली साक्ष. प्रशिक्षक तोंडावर ओरडत, माणूस रडत पळत राही आणि घरी बसून बघणारे आपण त्याला जिद्द म्हणत होतो.

त्या जिद्दीची किंमत नंतर कळली. पहिल्या पर्वाच्या विजेत्याने पुढे स्वतःच सांगितले, की अखेरच्या वजनाआधी त्याने अन्न सोडले, पाणी तोडले आणि लघवीतून रक्त जाऊ लागले. आठव्या पर्वात पहिल्याच शर्यतीत समुद्रकिनाऱ्यावर एक स्पर्धक कोसळली. तिला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. २०१४ मध्ये ११८ किलोची एक तरुणी ४८ किलोवर येऊन उभी राहिली, तेव्हा खुद्द प्रशिक्षकांचे चेहरे उतरले. तरी नियमाने तीच जिंकली. पुरे झाले, असे म्हणायची सोय त्या नियमांत नव्हती. आपल्याकडे वैद्य लंघन सांगायचे तेही रोग्याचे बळ पाहून.

आठव्या पर्वाचा विजेता सात महिन्यांत सुमारे १९५ किलोवरून ८७ किलोवर आला. त्या पर्वातल्या १४ जणांना अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले तेव्हाचे संशोधक केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. १४ पैकी १३ जणांचे वजन परत वाढले होते, चौघांचे तर आधीपेक्षाही जास्त. पण मला हलवून गेले ते त्यापुढचे. त्यांच्या आकाराच्या माणसाने बसल्या जागी जेवढ्या कॅलरी खर्चायला हव्यात, त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी त्यांचे शरीर खर्चत होते. पोट भरल्याची खूण मेंदूला देणारे लेप्टिन स्पर्धेअखेर जवळजवळ संपले होते आणि सहा वर्षांनीही पूर्ववत झाले नव्हते.

दुष्काळात घर चालवलेल्या बाईला मी पाहिले आहे. पुढे कोठी भरली, तरी तिची मूठ सैल होत नसे. भाकरीचा तुकडाही ती झाकून ठेवी. शरीराने हेच केले होते. त्याच्यावर दुष्काळ आला, तो करमणुकीसाठी आणला होता हे त्याला कुठून कळावे? त्याने मालकाला जगवण्यासाठी खर्च आवरला, भूक वाढवली. आपण मात्र परत आलेले वजन पाहिले आणि म्हटले, ‘बघा, सुटला शेवटी.’

लग्नकार्यात कोणी रोडावलेला दिसला की आपण कौतुकाने विचारतो, ‘किती बारीक झालात! काय केलंत?’ उत्तर आजारपण असेल, उपासमार असेल किंवा झोप उडवणारे दुःखही असेल. तेवढे थांबून ऐकायची आपली तयारी असते का?

तो आठव्या पर्वाचा विजेता. ४५ किलोंहून अधिक वजन त्याच्या अंगावर परतले होते आणि इतकी वर्षे तो स्वतःलाच दोष देत होता. तपासणीचे आकडे हाती आल्यावर तो म्हणाला, की खांद्यावरची लाज उतरली.