मुंगीचं कौतुक

२५ नोव्हेंबर २०२१. ब्राझीलमधलं मनाउस. भारताच्या मुली ६-१ ने हरल्या. मनीषा कल्याणचा तो एकमेव गोल मी मोबाईलवर कितीदा पाहिला असेन! पण डोक्यात राहिली ती शेवटी बदली म्हणून उतरलेली ४३ वर्षांची मिडफिल्डर. फॉर्मिगा. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ मुंगी.

सात वर्ल्ड कप, सात ऑलिम्पिक. सुवर्ण एकदाही नाही. तिचा जन्म १९७८ चा. ब्राझीलमध्ये बायकांच्या फुटबॉलवर १९४१ पासून असलेली बंदी उठली १९७९ मध्ये.

'काय चिकाटी!' मी म्हणालो आणि अडखळलो. आमच्या घरी आई सगळ्यांच्या शेवटी जेवते. 'आई किती करते,' असं आम्ही म्हणतो आणि ताट तिथेच ठेवून उठतो. कौतुक केलं की आपण सुटलो, असंच असतं ना ते?

मग कौतुक करूच नये का? तसंही नाही. फॉर्मिगाला फक्त अन्यायाची बळी म्हणणं हाही तिच्यावर अन्यायच. २०१६ मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त होऊनही ती परतली. खेळ तिचा होता, निवडही तिची. वाटेतले दगड मात्र तिने निवडले नव्हते.

म्हणून मला वाटतं, चिकाटीला दाद देताना एक प्रश्न सोबत ठेवावा: ही इतकी लागली का, आणि त्यात माझा वाटा किती? फॉर्मिगाच्या बाबतीत उत्तर माझ्या हातात नाही. ताटाच्या बाबतीत आहे.