हाकेला ओ

अक्कमहादेवींच्या एका वचनात हत्तीची उपमा आली आहे. माणसांनी पकडून आणलेल्या हत्तीला आपल्या डोंगराची जी ओढ लागते, तिच्याशी अक्का स्वतःच्या ओढीची तुलना करतात. पुढे बंदिवान पोपटाची उपमा येते आणि शेवटी, चेन्नमल्लिकार्जुनाने आपल्याला लेकराप्रमाणे जवळ बोलवावे, अशी विनवणी येते.

या वचनावर प्रवचने पुष्कळ होतात. बहुधा आपण 'आठवण' या शब्दापाशी थांबतो. जीव संसारात बांधला गेला, त्याला मूळ स्थानाची आठवण झाली आणि साधनेला आरंभ झाला, असा अर्थ आपण सांगतो. तो अर्थ खराच आहे. परंतु अक्कांचा हत्ती केवळ डोंगराला मुकलेला नाही, तो कळपालाही मुकलेला आहे, आणि अक्कांनी हा कळपाचा उल्लेख उगाच केलेला नसावा. मग कळपाला मुकणे म्हणजे हत्तीने नेमके काय गमावणे? हे नीट समजून घेतले तर वचनाचा शेवट अधिक उलगडतो, आणि त्याबरोबरच एक अवघड प्रश्नही आपल्यासमोर येऊन उभा राहतो.

आफ्रिकेतील केनिया देशात, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी अंबोसेली नावाचे अरण्य आहे. तेथे सिंथिया मॉस या विदुषींनी 1972 साली हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. एकेका हत्तीला ओळखून, नाव देऊन, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवणारे ते काम आहे. हत्तींच्या कुटुंबात आजी, तिच्या मुली, मावश्या, भाच्या आणि लहान पिले असतात. वयाने व अनुभवाने थोर असलेली हत्तीण पुढे चालते. नर मात्र वयात आले की कुटुंबाबाहेर पडतात.

अशा घरात सुमारे बावीस महिन्यांच्या गर्भवासानंतर पिलू जन्माला येते. जन्मतः त्याचे वजन शंभर किलोच्या आसपास असते, तरी ते अगदी असहाय असते. सोंड कशी वापरावी हे त्याला कळत नाही; ती नुसती लोंबत राहते, कधी पायाखालीही येते. दूध ते तोंडानेच पिते. चिखलात रुतले, आईपासून चार पावले मागे राहिले, दुसऱ्याचा धक्का लागला, भूक लागली, की ते ओरडते. तो आवाज घोगरा आणि मोठा असतो.

सद्भक्तहो, आता पुढे काय घडते ते पाहा. आई धावतेच, त्यात नवल नाही. पण आईबरोबर मावशी धावते, आजी धावते आणि पुष्कळदा या सर्वांच्या आधी धावतात त्या कुटुंबातील अल्पवयीन मुली. फिलिस ली या संशोधिकेने 1987 साली अंबोसेलीतील या 'मावश्यां'विषयी सविस्तर लिहिले. ज्या कुटुंबात अशा सांभाळणाऱ्या मुली अधिक, तेथील पिले जगण्याचे प्रमाणही अधिक, असे त्यांना दिसून आले. या मुलींना स्वतःची पिले नसतात, त्यांच्या अंगी दूध नसते. तरीही घाबरलेले पिलू त्यांच्या स्तनाला तोंड लावते आणि त्या शांतपणे उभ्या राहतात. देण्याजोगे काही जवळ नसताना त्या जवळ जाऊन उभ्या राहतात आणि पिलाचे रडणे थांबते.

दासोहाचा अर्थ समजावून सांगताना आपण म्हणतो की दासोह हे दान नव्हे. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. शिवाय दानासाठी आधी गाठीला काही असावे लागते. दासोहात 'मी देतो' हा भावच उरत नाही. दूध नसलेली ती हत्तीण हा अर्थ आपल्यापेक्षा अधिक सहजपणे दाखवून देते, असे म्हणावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 1984 साली केटी पेन या संशोधिका अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या असताना त्यांना हवेत एक कंप जाणवला. कानाला मात्र काहीच ऐकू येत नव्हते. पुढे उपकरणांनी सिद्ध झाले की हत्ती माणसाच्या कानाला न कळणाऱ्या अतिशय खर्जातल्या आवाजातही एकमेकांशी बोलतात. हा आवाज रानातून मैल-दोन मैलही पोचू शकतो. पिलाने हाक मारली की मोठ्या हत्तिणी धावता धावताच असा घुमणारा प्रतिसाद देतात. मदत पोचण्याआधी आवाज पोचतो. आपल्या मराठीत याला फार सुंदर शब्दप्रयोग आहे: हाकेला ओ देणे. 'ओ' म्हणणाऱ्याने अजून काहीच केलेले नसते, पण हाक मारणारा त्या क्षणापासून एकटा नसतो.

कळपाला मुकणे म्हणजे काय, याचे उत्तर येथे मिळते. पकडलेल्या हत्तीला चारा मिळतो, पाणी मिळते. त्याच्या हाकेला ओ तेवढी मिळत नाही. अक्कांनी वचनाच्या शेवटी चेन्नमल्लिकार्जुनाकडे सुख मागितले नाही, मुक्तीचे नावही घेतले नाही. लेकराला कोणीतरी जवळ बोलवावे, एवढेच मागितले. त्या मागणीचे मर्म आता कळते.

येथे कोणी विचारील, "हत्तिणीच्या धावण्याला दया कशासाठी म्हणायचे? तो तर निसर्गाचा नियम. पिलू वाचले तर वंश वाचतो, म्हणून ती धावते. यात धर्म कुठे आला?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. थायलंडमधील आशियाई हत्तींचे निरीक्षण करून प्लॉटनिक आणि द वाल या अभ्यासकांनी 2014 साली असे मांडले की एखादा हत्ती व्याकूळ झाला की जवळचे हत्ती त्याच्यापाशी जातात, त्याच्या तोंडाला सोंडेने स्पर्श करतात, हळू आवाज काढतात. याला धीर देणे म्हणावे की आणखी काही, यावर विद्वान वाद घालोत. शरणांची कसोटी वेगळी आहे. अंतरंगात काय होते ते आचारात उतरले का, एवढेच ते पाहतात. मनात कळवळा दाटून येऊनही जागचा न हलणारा माणूस आणि काहीच न बोलता धावणारी हत्तीण, यांपैकी कोणाच्या पदरात दया आहे, हे सांगायला ग्रंथ उघडावा लागत नाही.

तथापि प्रश्नाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. हत्तिणीची ही धाव बहुतांशी आपल्या कुटुंबापुरती असते. परक्या कुटुंबातले पोरके पिलू जवळ आले तर त्याला बाजूला सारले जाते, अशाही नोंदी आहेत. दूध तर परक्या पिलाला सहसा मिळतच नाही. म्हणजे निसर्गाने दया दिली आणि तिच्याभोवती कुंपणही घातले. कुंपणाच्या आत जी दया चालते तिचे मोल कमी नाही, पण तेवढ्याने धर्म पुरा होत नाही. बसवण्णांनी दयेला धर्माच्या मुळाशी ठेवले ते सर्व प्राणिमात्रांना कवेत घेऊन. आपल्या लेकरासाठी धावणे प्रत्येकाला जन्मतः येते. 'आपले' या शब्दाची मर्यादा वाढवणे मात्र साधनेनेच येते, आणि ती साधना माणसालाच करता येते.

बाराव्या शतकात कल्याणात हेच घडले. अक्कमहादेवी उडुतडीहून निघाल्या तेव्हा त्या सर्वार्थाने कळपातून तुटलेल्या होत्या. माहेर सुटले होते, राजवाडा सोडला होता, अंगावरचे वस्त्रही टाकले होते. त्या कल्याणला पोचल्या. अल्लमप्रभूंनी त्यांना कठोर प्रश्न विचारले, त्यांच्या वैराग्याची पारख केली. त्यानंतर शरणसमुदायाने त्यांना जे नाव दिले ते राणीचे नव्हते, संन्यासिनीचेही नव्हते. ते होते 'अक्का', म्हणजे थोरली बहीण. ज्यांच्याशी रक्ताचा काही संबंध नाही अशा चांभाराने, नावाड्याने, गुराख्याने, कोतवालाने एका परक्या स्त्रीला घरातले नाते दिले. हत्तिणीला जे कुटुंब जन्माने मिळते, ते शरणांनी अनुभवमंटपात आचाराने उभे केले. आज आपण 'अक्का' हे नाव इतके सहज घेतो की तो एका हाकेला दिलेला ओ होता, हेच विसरतो.

आता तो अवघड प्रश्न. ज्या भूमीत हे वचन जन्मले त्याच भूमीत माणसाने हत्तींच्या याच प्रेमाचा फास केला. मैसूर संस्थानात सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने 1874 साली खेड्डा पद्धतीने हत्ती पकडण्यात यश मिळवले, आणि काकनकोटे येथील शेवटचा खेड्डा 1971 साली झाला. ढोल, मशाली, आरडाओरडा यांनी अख्खा कळप रेटत रेटत लाकडी कोटात आणायचा. घाबरलेला कळप पांगत नाही. तो पिलांना मध्ये घेऊन एकमेकांना बिलगतो. पिलांना सोडून पळाल्या असत्या तर कित्येक हत्तिणी वाचल्या असत्या. त्या पळाल्या नाहीत म्हणून सापडल्या. मग एकेकाला वेगळे बांधले जाई आणि ज्याला जो घेईल त्याच्याकडे तो जाई.

अशा वाटांनी आलेले हत्ती दरबारात गेले, लाकूड ओढायला गेले, देवस्थानांच्या दारी आले आणि आपल्या मठांच्या दारीही आले. 1977 साली वन्यजीव कायद्याने हत्तीला सर्वाधिक संरक्षण असलेल्या अनुसूचीत घेतले, हे योग्यच झाले. पण त्या आधी आणि नंतरही कित्येक पिढ्या आपण पालखीपुढे हत्ती चालवला, त्याच्या सोंडेत नाणे दिले आणि त्याने डोक्यावर सोंड ठेवली की आशीर्वाद मिळाला असे मानले. त्याच मठाच्या प्रांगणात संध्याकाळी अक्कांच्या वचनावर प्रवचन होत असे. उपमेतला हत्ती बाहेर साखळीला उभा होता आणि आपण आत उपमा समजावून घेत होतो. यात कोणा एका मठाला दोष द्यायचा हेतू नाही. माहुतांनी त्या हत्तींवर पोटच्या पोराप्रमाणे माया केली, हेही खरे. परंतु वचन ऐकणे आणि हाक ऐकणे यांत अंतर पडू शकते, हे यातून आपण शिकले पाहिजे.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. दांडेलीच्या रानातले हत्ती 2002 च्या सुमारास खानापूर, तिलारीच्या वाटेने दोडामार्गात उतरले. तेव्हापासून त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची केळी, माड, भात रातोरात तुडवले जातात. त्या शेतकऱ्याचे रडणे हीही हाकच आहे. शहरात बसून "हत्तीवर दया करा" असे त्याला सांगणे सोपे असते. त्याची भरपाई वेळेवर मिळावी, म्हणून किती जण बोलतात? ही हाक ऐकली नाही की शेताच्या कुंपणात विजेचा प्रवाह सोडला जातो आणि मग दुसरी हाक उठते. तामिळनाडूतील रघू नावाच्या पिलाची आई अशीच विजेच्या धक्क्याने गेली. 2017 साली मुदुमलईच्या तेप्पकाडू छावणीत ते पिलू आणले गेले तेव्हा काट्टुनायकर या आदिवासी समाजातील बोम्मन आणि बेल्ली यांनी त्याला वाढवले. पुढे त्यांच्यावरील माहितीपटाला 2023 साली ऑस्कर मिळाला आणि जगाने त्यांचे नाव घेतले. त्याआधी कित्येक रात्री त्यांनी त्या पिलाला बाटलीने दूध पाजले होते. हत्तिणीची दया जेथे थांबते तेथून पुढे दोन माणसे चालत गेली. वचन याहून वेगळे काय सांगते?

आपल्या परंपरेला हे नवे नाही. तुमकुरूच्या सिद्धगंगा मठात शिवकुमार महास्वामीजींनी 2019 साली लिंगैक्य होईपर्यंत हजारो मुलांना जात-धर्म न विचारता अन्न, निवारा आणि विद्या दिली. बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाच्या प्रसादनिलयात राहून शिकलेली माणसे आपल्या सीमाभागात घरोघर आहेत. हा अंक वाचणाऱ्यांतही काही असतील. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या मुलाला पहिल्या रात्री घराची आठवण येते, तो पांघरुणात तोंड खुपसून रडतो. शेजारच्या खाटेवरचा मोठा मुलगा उठून त्याच्याजवळ बसतो. त्याच्याकडेही देण्यासारखे काही नसते. दूध नसलेली ती थोरली बहीण येथे पुन्हा भेटते.

म्हणून सद्भक्तहो, हे पान मिटण्याआधी एक विचार मनाशी करा. भिंतीपलीकडे एखादे मूल रोज रडते आणि आपण दूरदर्शनचा आवाज वाढवतो का? घरातली सून, वृद्ध सासरे, कामाला येणारी बाई, यांच्यापैकी कोणी हाक मारून थकून गप्प झाले आहे का? हाक आली की आपल्या मनात आधी 'कोण?' उमटते की आधी 'ओ' उमटतो? सकाळी इष्टलिंग हातावर घेऊन आपण ज्याला हाक मारतो, त्याने ओ द्यावा अशी आपली अपेक्षा असते. तोच जर दुसऱ्याच्या मुखाने आपल्याला हाक मारत असेल, तर आपण काय करतो आहोत, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

शरणु शरणार्थ.