हिशेब आणि आठवण

स्वखर्चाने ध्वनिमुद्रिका काढून ती स्वतःच विकणाऱ्या छोट्या बँडच्या आठवणींना एक ठरावीक वळण असते. पैसे नव्हते, कोणी विचारत नव्हते, म्हणून सारे स्वतःच केले, हे त्या कथनाचे सूत्र. या ‘स्वतः’मध्ये कोणाकोणाचा समावेश होतो, हा प्रश्न आठवण सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाशी निगडित आहे.

जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने ‘स्पायरल स्क्रॅच’ काढली ती आप्तमित्रांकडून उसन्या घेतलेल्या सुमारे ५०० पौंडांवर. म्हणजे आरंभापासूनच हे स्वावलंबन ऋणाईत होते. १९७८ मध्ये लंडनच्या ‘स्क्रिटी पोलिटी’ने (हे नाव ग्राम्शीच्या राजकीय लेखनावरून घेतलेले) हे ऋण उघड मांडले. ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्यांनी खर्चाचा तपशील छापला : १४ तासांच्या ध्वनिमुद्रणाचे ९८ पौंड, कोऱ्या लेबलांवर उमटवायच्या रबरी शिक्क्याचे ८ पौंड, २,५०० प्रतींचा खर्च, आणि त्या कोठे काढून घेतल्या तेही. श्रोत्याने हा कागद वाचावा व स्वतःची तबकडी काढावी, हा हेतू. उपभोक्त्याला उत्पादक बनविणारी साधने बेन्यामिनने १९३४ च्या ‘उत्पादक म्हणून लेखक’ या निबंधात श्रेष्ठ मानली होती. त्या विचाराचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु हाच कागद आठवणीच्या विरोधात साक्ष देतो. प्रती निघाल्या त्या ‘पाय’ या प्रस्थापित कंपनीच्या कारखान्यात! घरगुती म्हणून गौरविली गेलेली वस्तू मोठ्या उद्योगाच्या यंत्रांतून आली होती, आणि ते लपविण्याची गरज तिच्या कर्त्यांना वाटली नव्हती. लपवाछपवी केली ती पुढच्या स्मरणाने.

या बँडचा गायक ग्रीन गार्टसाइड पुढे मोठ्या कंपनीकडे गेला आणि ‘क्युपिड अँड सायकी ८५’ हा संग्रह १९८५ मध्ये ‘व्हर्जिन’ने प्रसिद्ध केला. अशा वाटचालीला द्रोह म्हणण्याची प्रथा आहे. हा आरोप पूर्वीच्या शुद्धतेवर उभा आहे, आणि ती शुद्धता तर वेष्टनावरच्या आकड्यांनीच नाकारलेली होती. भेद करायचाच तर तो कबूल केलेल्या व न केलेल्या परावलंबनात करावा लागेल. त्या कसोटीवर गुळगुळीत वेष्टनाचा, हिशेब न सांगणारा संग्रह अधिक अडचणीत येतो, हे मान्य केले पाहिजे.

तथापि हिशेबालाही सारे दिसत नाही. शिक्क्याचे ८ पौंड नोंदले गेले. तो शिक्का हजारो लेबलांवर मारण्याचे, कागदांना घड्या घालण्याचे तास नोंदले गेले नाहीत. त्यांचे मोल कोणी दिले नव्हते, म्हणून त्यांना रकाना नव्हता. ते उरतात ते आठवणीतच, आणि तेथेही बहुधा ‘काही मित्र’ एवढ्याच नावाने.